मायच्या जन्माचं साल

लातूरच्या कारागिराला फरशीवर कोरायचा मजकूर पाठवायचा होता आणि तो एका जागी अडला होता. रात्री नऊच्या सुमाराला थोरल्या काकांचा फोन आला. "माय जन्मली कोणत्या साली, तुला काही ठाऊक आहे का रं?" त्यांनी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारलं. अण्णा बराच वेळ गप्प राहिले. काका सत्तरीचे, अण्णा सदुसष्टचे, आणि दोघांपैकी एकालाही आपल्या आईचं जन्मसाल सांगता येईना.

माय म्हणजे माझी आज्जी. अण्णा, काका, आत्या तिला माय म्हणायचे, ते ऐकून आम्ही नातवंडंही मायच म्हणत आलो. २०२४ साली दिवाळी सरल्यावर ती गेली. राख नदीत सोडली नाही. काकांनी शेतात, विहिरीच्या वरच्या अंगाला खड्डा घेतला आणि त्यात केशर आंब्याचं रोप लावलं. त्या रोपाशेजारी एक लहानशी फरशी बसवायची होती. आधारकार्डावर तिची तारीख होती १ जानेवारी १९३५. पण ज्यांची तारीख कुणालाच ठाऊक नसते, त्यांच्यासाठी १ जानेवारीच टाकतात. श्रावणबाळ योजनेच्या कागदावर ती त्याहून पाच वर्षांनी मोठी होती. मतदारयादीत तिसरंच वय.

मायला साल विचारलं की ती आकडा सांगायचीच नाही. रजाकाराच्या साली, मोठ्या दुष्काळात, भूकंपाच्या आदल्या उन्हाळ्यात, असं सांगायची. तिच्या लेखी हेच कॅलेंडर होतं.

येळवस, म्हणजे वेळअमावस्येचा आमच्याकडचा शेतातला सण, चार दिवसांवर आली होती. गेल्या वर्षी घरात दुःख होतं म्हणून शेतात पूजेची कोपी, म्हणजे कडब्याची खोप, बांधली नव्हती. यंदा बांधायची होती. मी सुट्टी टाकली आणि अण्णांना म्हणाले, चला, येळवसही होईल आणि सालाचा शोधही घेऊ.

पहिला दिवस

लातूर एक्सप्रेस पुण्याहून मध्यरात्रीनंतर सुटते. कुर्डुवाडी आली तेव्हा मला गाढ झोप लागली होती, पण अण्णा खिडकीशी उठून बसले होते. बाहेर अंधारच होता. "इथून बारकी गाडी जायची," ते म्हणाले.

बारकी गाडी म्हणजे बार्शी लाईट. रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट. १९११ साली ती लातूरपर्यंत पोचली आणि पुढं जवळजवळ शंभर वर्षं आमच्या भागातल्या माणसांना तिनंच पंढरपूर दाखवलं. मोठी लाईन आली ती अगदी अलीकडं, २००७-०८ मध्ये. अण्णा सहा-सात वर्षांचे असताना माय त्यांना त्या गाडीनं पंढरीला घेऊन गेली होती. सोबत धपाटे, शेंगाची चटणी आणि फडक्यात बांधलेला कांदा. डब्यात एक बाळंतीण होती, तिच्यापाशी खायला काही नव्हतं. मायनं निम्मी शिदोरी तिच्यापुढं ठेवली, आणि येताना मुलाला भूक लागली तेव्हा चुरमुऱ्यांवर भागवलं. अण्णांना पांडुरंग फारसा आठवत नाही. ती चुरमुऱ्यांची पुडी आठवते.

सकाळी लातूर. या स्टेशनात २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. तेव्हा माय ऐंशीच्या घरात होती आणि गावात टँकरच्या रांगेत स्वतः कळशी घेऊन उभी राहायची. काकूंनी कितीही अडवलं तरी ऐकायची नाही. ती एक गोष्ट नेहमी सांगायची: "बहात्तरला प्यायला पाणी होतं, खायला नव्हतं. आता खायला हाय, प्यायला न्हाई." आमच्या भागात त्या काळात पुष्कळ जुनी माणसं असंच म्हणायची, पण तिनं दोन्ही दिवस पाहिले होते.

गंजगोलाईत थांबलो. मधोमध जगदंबेचं देऊळ आणि चहूकडं फुटलेले सोळा रस्ते. लहानपणी मला इथं हरवायची फार भीती वाटायची. नारळ, गूळ, खारीक-खोबरं आणि काकूंसाठी एक इरकल साडी घेतली. सगळीकडं येळवशीची गर्दी होती. मातीची बोळकी, बिंदग्या, चुक्याच्या जुड्या, हिरव्या तुरीच्या शेंगांचे ढीग.

औशाहून पुढं जीपनं गावी पोचलो. काका पारावर बसले होते. "कवापास्नं वाट बघलालोय," ते म्हणाले आणि अण्णांच्या हातातली पिशवी त्यांनी घेतली. दोघं भाऊ घरापर्यंत न बोलता चालत गेले.

दुसरा दिवस

सकाळी काकांनी पत्र्याची पेटी काढली. वर मायचं लुगडं, त्याखाली कागद. एक खासरापत्रक निघालं, १९५४ सालच्या पाहणीचं. निजामाचं राज्य गेल्यावर मराठवाड्यात जमिनींची जी नवी नोंद झाली, तिचा हा उतारा. आजोबांचं नाव, त्यांच्या भावांचं नाव, विहीर, आंब्याची झाडं, जिराईत किती, सगळं लिहिलेलं. बैलांच्या पाण्यापासून पेरणीच्या मुठीपर्यंत त्या रानात जिचा हात होता, तिचं नाव कुठंच नाही. आजोबा वारल्यावर फेरफार झाला तेव्हा कुठं सात-बाऱ्यावर तिचं नाव चढलं. काका तो उतारा घेऊन आले, त्या दिवशी तिनं माझ्या चुलतबहिणीला तीनदा वाचायला लावला. तिसऱ्यांदा नावावर बोट ठेवून विचारलं, "ही अक्षरं म्हंजी मीच का गं?"

पेटीतनं सालाचा पत्ता लागला नाही. मग काकांनी आम्हाला जुन्या घरात नेलं.

जुनं घर दगड-मातीचं, माळवदाचं. १९९३च्या भूकंपात त्याचा पुढचा सोपा खाली बसला, मागची भिंत राहिली. त्या भिंतीच्या पोटात बळद आहे. नव्या वाचकांना सांगायला हवं: तीन-चार फूट जाडीच्या भिंतीत पोकळी ठेवायची, वरून धान्य ओतायचं, खालचं तोंड शेणमातीनं लिंपून टाकायचं. आमच्याकडं जास्तीचं धान्य जमिनीखालच्या पेवात आणि बियाणं बळदात असायचं. बियाण्याची जागा मायची. घरातल्या पुरुषांनीही तिला विचारल्याशिवाय ते तोंड फोडायचं नाही. ज्वारी वेगळी, करडई वेगळी, तुरीला राख चोळून गाडग्यात, मुगाला एरंडेलाचं बोट. वर लिंबाचा पाला. कोणत्या कणसाचं बी धरायचं हे ती उभ्या पिकातच ठरवायची. ताटाला लाल चिंधी बांधून ठेवायची आणि त्या ताटाकडं पाखरू फिरकलं तरी तिचा गोफणीला हात जायचा.

नंतर हायब्रीड आलं, मग सोयाबीन आलं. आता आमच्या चौदा एकरांत दहा एकर सोयाबीन असतं आणि त्यावर हरभरा. काकांना दोष देण्यात अर्थ नाही. पैसा सोयाबीनच देतो आणि ज्वारी काढायला माणूस मिळत नाही. मायला मात्र ते पीक कधीच आपलं वाटलं नाही. "घरात आणलं तर चुलीवर चढंना, गोठ्यात टाकलं तर कडबा न्हाई," असं म्हणायची. ती होती तोवर विहिरीजवळचा दीड एकर शाळू कुणी मोडला नाही. तो अजूनही आहे. यंदा छातीइतका वाढला आहे आणि काकांनी त्यात दोन ताटांना लाल चिंधी बांधली आहे. मी काही विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही.

दुपारी कोपी बांधायला घेतली. पाच पेंढ्या कडबा शेजारच्या शेतातनं आणावा लागला. सायंकाळी अण्णा म्हणाले, तलावावर जाऊ. गावाच्या वरच्या बाजूला पाझर तलाव आहे, बहात्तरच्या दुष्काळात रोजगारावरच्या माणसांनी बांधलेला. त्याच्या भिंतीवर मायनं पाट्या वाहिल्या होत्या. थोरली आत्या तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची असेल, ती बाजूला खडी फोडायची. मजुरीबरोबर सुकडी मिळायची; ती पदरात बांधून घरी आणायची आणि पोरांमध्ये वाटायची. अण्णा चौदा वर्षांचे होते. त्या सुकडीची चव अजून जिभेवर आहे, असं ते म्हणतात.

तलावात यंदा पाणी भरपूर आहे. पलीकडच्या काठावर कुणाच्या तरी देवणी गायी पाण्यात उतरल्या होत्या. अण्णा भिंतीवर चपला काढून उभे राहिले.

तिसरा दिवस

मायचं माहेर नळदुर्गच्या अलीकडं, सोलापूर–हैदराबाद रस्त्यापासून थोडं आत. किल्लारी, सास्तूर, लोहारा करत निघालो.

सास्तूर जवळ आलं तसे अण्णा बोलायचे थांबले. मायची धाकटी बहीण सास्तूरला दिली होती. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. गणपती बुडवून माणसं नुकती झोपली होती. जाड भिंतींची, वर मातीचा थर असलेली घरं झोपलेल्या माणसांवर आली. बावन्न गावं साफ झाली, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. मी तेव्हा आठ वर्षांची होते. रेडिओवर बातमी ऐकून अण्णा पुण्याहून निघाले, ते बारा दिवसांनी परतले. घरी आल्यावर आधी अंघोळीला गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

माय त्या रात्री अंगणात झोपली होती. उडदाची रास घरापुढं होती, राखणीला म्हणून. त्यामुळं वाचली. सास्तूरची बहीण, तिचा नवरा, एक सून आणि दोन नातवंडं गेली. माय तिसऱ्या दिवशी चालत आणि मिळेल त्या वाहनानं सास्तूरला गेली, दगडाखालनं काढलेल्या बहिणीचं तोंड पाहिलं, आणि पुढं एकतीस वर्षं त्या रस्त्यानं गेली नाही. माहेरी जायचं झालं तर तुळजापूरवरनं वळसा घालून जायची. एसटीला जास्तीचे पैसे पडायचे, ते कधी खटकले नाहीत. त्यानंतर ती माळवदाखाली कधी झोपली नाही. पत्र्याखाली उन्हाळा भाजून काढतो, तरी पत्राच बरा म्हणायची.

माहेरी मामाआजोबा दारात उभे होते. मायचे धाकटे भाऊ. ऐंशी ओलांडलेले, कमरेत वाकलेले. आमच्या घरात मामानं भाच्याच्या पाया पडायची रीत आहे. भाच्यानं मामाला वाकायचं नाही. अण्णांनी कितीही धरलं तरी मामाआजोबा खाली वाकलेच. अण्णांच्या पायांवर हात ठेवून तसेच राहिले. "अक्काचा लेक आला," एवढंच म्हणाले.

जेवणं झाल्यावर मी सालाची गोष्ट काढली. मामाआजोबांनी हात झटकला. "माझं तरी कुठं खरं हाय? शाळंत मास्तरनं १ जून १९४५ घातलं, तेच धरलं." मग थोडं थांबून म्हणाले, "पण मिलिटरी आली तवा मी अक्काच्या कडंवर होतो, हे मात्र खरं."

ती गोष्ट आम्ही मायच्या तोंडून ऐकली होती, पण तिच्या बाजूनं. १९४८चा पावसाळा. मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, रजाकारांचा धुमाकूळ चालला होता. रात्री दार वाजलं की बाया-पोरं मागच्या दारानं रानात पळायची. गावातल्या किती तरी कुटुंबांनी बायका-मुलं सोलापूरच्या बाजूला, भारताच्या हद्दीत नेऊन ठेवली होती. मायच्या वडिलांना ते जमलं नाही. म्हैस व्यायला झाली होती. माय मूग तोडत होती, भाऊ धुऱ्यावर. रस्त्याच्या अंगानं घरघर ऐकू आली, आधी कुणी पाहिली नव्हती अशा गाड्यांची. तो १३ सप्टेंबरचा दिवस होता. भारताची फौज सोलापूरकडून शिरली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. पण मुगातल्या पोरीला हे कुठून कळणार? तिला वाटलं रजाकारच आले. भावाला कडेवर घेतलं, उभ्या ज्वारीत शिरली आणि अंधार पडेपर्यंत त्याच्या तोंडावर हात ठेवून बसली.

"श्वास कोंडला होता माझा," मामाआजोबा म्हणाले. "एवढुशा पोराला काय आठवणार, म्हणशील. पर तिच्या हाताला मुगाच्या पाल्याचा वास होता. मूग निघाले की दरसाली तो वास येतो."

चार दिवसांनी, १७ सप्टेंबरला, निजामानं शरणागती पत्करली. पुढच्या उन्हाळ्यात मायचं लग्न झालं.

मग मामाआजोबा उठले, कपाटातनं प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला एक कागद घेऊन आले आणि माझ्या हातात न देता अण्णांच्या हातात दिला. हक्कसोडपत्र. तुळजापूरला नोंदवलेलं, १९७४ सालचं. वडील वारल्यावर मायनं माहेरच्या जमिनीतला आपला हिस्सा भावाला सोडून दिला होता. वारसाच्या कायद्यानं लेकीला हिस्सा १९५६ साली मिळाला, आणि आमच्या भागातल्या बहुतेक लेकींनी तो असाच एका अंगठ्यानं परत केला. कागदावर तिचं नाव, नवऱ्याचं नाव, "वय अंदाजे ३८, धंदा घरकाम". धंदा घरकाम. वाचताना माझा आवाज बदलला, तो मामाआजोबांच्या लक्षात आला असावा. त्याखाली निळसर शाईचा अंगठा. रेषा स्पष्ट उठल्या आहेत आणि मधोमध आडवा कापल्याचा व्रण आहे. तो विळ्याचा. आम्ही सगळ्यांनी तो व्रण खऱ्या अंगठ्यावर पाहिलेला आहे.

मी अण्णांकडं पाहिलं. ते त्या अंगठ्यावर आपलं बोट ठेवून बसले होते.

मामाआजोबा सावकाश बोलायला लागले. बहात्तरनंतर त्यांच्याकडं काहीच उरलं नव्हतं. सावकाराचं देणं होतं. जमिनीचा तुकडा पडला असता तर दोघांच्याही हाती काही आलं नसतं. "मी मागितलं न्हाई. तीच म्हनली, मला पंचमीला झोका आन दिवाळीला लुगडं एवढं ठेव, बाकीचं तुझं." मग म्हणाले, "दरसाली दिलं. एक साल चुकलो न्हाई. पर ते बरोबर झालं का, हे अजून मला ठरवता येत न्हाई."

मला वाटतं, बरोबर झालं नाही. मायनं प्रेमानं दिलं हे खरं, आणि मामाआजोबांनी ते आयुष्यभर जपलं हेही खरं. पण बहिणीनं दिलं नाही तर माहेर तुटेल, ही भीती त्या अंगठ्याखाली होती, आणि तिला निवड होती असं मी म्हणणार नाही. मामाआजोबांना हे तिथं बोलून दाखवलं नाही. त्यांच्या हातचा चहा घेतला. इथं लिहिते आहे.

निघताना त्यांनी अण्णांचा हात धरला. "साल कायबी टाका. पर फरशीवर आमच्या गावाचं नाव टाका. ती हितली हाय, हे कुठल्याच कागदावर न्हाई."

परतताना आम्ही तुळजापूरवरनं आलो. वळसा पडला. गाडीवाल्याला अण्णांनी कारण सांगितलं नाही.

चौथा दिवस

येळवशीचं काम खरं तर आदल्या रात्रीच सुरू होतं. थोरली आत्या संध्याकाळीच आली होती. मायच्या हातची भज्जी कोण करणार हा प्रश्न वर्षभर सगळ्यांच्या मनात होता. आत्या आली, पदर खोचला आणि परातीपुढं बसली.

ज्यांना भज्जी म्हटल्यावर तळलेली भजी आठवतात त्यांच्यासाठी सांगते. ओल्या तुरीचे दाणे, वाटाणा, ओला हरभरा, वालाचे दाणे, शेंगदाणे, मेथी, पालक, आंबटचुका, कांद्याची पात, गाजर, वांगं, चार बोरं. रानात त्या वेळेला जे जे हिरवं असेल ते. हे सगळं शिजवायचं आणि चिंचेच्या पाण्यात कालवलेलं डाळीचं पीठ लावायचं, वर लसूण आणि हिरव्या मिरचीची फोडणी. बरोबर बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर, आणि बिंदगीत ज्वारीची ताकातली आंबील. आंबील दोन दिवस आधी आंबत ठेवायची असते. ती काकूंनी ठेवली होती. माय फोडणीला करडईचंच तेल वापरायची. यंदा शोधून घाण्याचं आणलं.

शेंगा सोलता सोलता मी आत्याला बळदाबद्दल विचारलं. बहात्तरला घरात दाणा नव्हता, तरी मायनं बियाण्याची ज्वारी फोडली नव्हती, ही गोष्ट आमच्या घरात मोठ्या अभिमानानं सांगितली जाते. रेशनची लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, खाल्ली, पण बी राखलं. त्र्याहत्तरला पाऊस झाला तेव्हा पेरायला घरचं बी होतं.

आत्याचे हात थांबले. "तुला धाकट्याचं कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मायला आणखी एक मुलगा होता, दोन वर्षांचा. त्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात त्याला गोवर निघाला. अंगात काही नव्हतंच. मिलोची भाकरी त्याच्या घशाखाली उतरायची नाही. आजोबा म्हणाले, बळद फोडू, लेकराला चांगल्या ज्वारीची पेज देऊ. माय म्हणाली, दोन दिवस बघू. दुसऱ्या रात्री तो गेला.

"गोवरानं गेला तो," आत्या म्हणाली. "पेज दिली असती तरी गेला असता. वाडीवर त्या महिन्यात पाच लेकरं गेली, त्यांतली दोन पोट भरलेल्या घरातली व्हती. पर माय कवा बोलली न्हाई त्याच्यावर. पेरणीच्या दिवशी चाड्यावर मूठ धरली आन तासभर नुसती रडली. आम्ही बघितलं. बाबांनी बैल थांबवले न्हाईत. थांबवले असते तर ती परत उभी राहिली नसती."

मी चाळीस वर्षं जी गोष्ट अभिमानानं सांगत आले, तिच्या पोटात हे होतं. दरसाल येळवशीला माय एक उंडा बाजूला काढून पानावर ठेवायची आणि शाळूच्या बुडाशी नेऊन ठेवायची. आम्हाला वाटायचं पाखरांना असेल.

सकाळी गाव रिकामं झालं. येळवशीला लातूर जिल्ह्यात शासकीय सुट्टी असते, आणि नसती तरी कुणी घरी थांबलं नसतं. शहरातली दुकानं बंद, रस्ते ओस, सगळी माणसं रानात. ज्याला रान नाही त्याला कुणीतरी जेवायला बोलावतंच. त्या दिवशी बांधावरून जाणारा माणूस उपाशी पुढं जात नाही. काकांनी डोक्यावर घोंगडीची चुंबळ करून आंबिलीची बिंदगी घेतली. मागं आम्ही बायका टोपल्या घेऊन. हे ओझं गेल्या कित्येक वर्षांत मायनं स्वतः उचललेलं नव्हतं, पण ती पुढं चालायची. तिच्या जागी यंदा कुणीच पुढं गेलं नाही. आम्ही सगळे एका रेषेत चाललो.

कोपीत पाच पांडव मांडले. चुन्यात रंगवलेले पाच दगड, हळद-कुंकू, हिरवा खण. पूजा झाल्यावर काका आणि माझा चुलतभाऊ पिकाच्या कडेनं आंबील शिंपडत फिरले. "ओलगे ओलगे सालम पोलगे" असा घोष करत. हे शब्द कानडी वळणाचे आहेत. आमचा भाग कर्नाटकाला टेकलेला, आणि हा सणही तिकडं-इकडं एकच आहे. मायला अर्थ विचारला तर म्हणायची, जमिनीला कळतंय, बास.

आत्याची भज्जी मायसारखी झाली का? अण्णांनी पहिला घास घेतला आणि मान हलवली. आंबटपणा थोडा कमी होता. आत्याच म्हणाली, "चुका जरा कमी पडला." मी पुढच्या वर्षासाठी लिहून घेतलं.

जेवणानंतर आंब्याच्या रोपापाशी बसलो. रोप कमरेएवढं झालं आहे. मी हिशोब मांडला. १९४८ला तीन वर्षांचा भाऊ दिवसभर कडेवर पेलणारी पोर बारा वर्षांची तरी असणार. १९७४च्या कागदावर वय ३८. दोन्हीकडून १९३६ येतं. आत्या म्हणाली, "छे, लग्नात आपण चौदा पुरी होते असं मायच सांगायची." म्हणजे १९३५. काका म्हणाले, आधारवरही तेच आहे. अण्णा म्हणाले, आधारवरचं काकांनीच सांगितलेलं आहे. बराच वेळ असं चाललं. मला ते ऐकायला फार बरं वाटत होतं. चौघं जण तिच्याबद्दल वर्तमानकाळात भांडत होते.

उन्हं उतरली तेव्हा मी एक उंडा पानावर घेतला आणि शाळूत शिरले. लाल चिंधीच्या ताटाजवळ आत्या आधीच येऊन उभी होती, तिच्या हातातही एक पान होतं.

अंधार पडल्यावर कडब्याचा हेंडगा, म्हणजे पलिता, पेटवून चुलतभाऊ शेताभोवती पळाला. आजूबाजूच्या सगळ्या रानांत तसेच हेंडगे पळत होते.

पाचवा दिवस

रात्रीची गाडी होती, त्यामुळं दिवस हाताशी होता. शिळी भज्जी सकाळी परत गरम केली. ती दुसऱ्या दिवशीच खरी लागते, हे माय म्हणायची आणि आम्ही सगळेच म्हणतो.

दहा वाजता काकांनी कारागिराला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मायचं नाव सांगितलं. मग सासरचं गाव. मग, अण्णांकडं एकदा पाहून, माहेरचं गाव, अक्षर न् अक्षर फोड करून.

"जन्मसाल?" पलीकडून विचारलं.

काकांनी आत्याकडं पाहिलं. आत्या म्हणाली, "छत्तीस टाक. पोरीनं एवढं फिरून काढलंय."

"जागा कमी पडेल," कारागीर म्हणाला. "दोन-दोन गावांची नावं कशाला? सासरचं पुरं."

"फरशी मोठी घ्या," अण्णा म्हणाले. त्यांनी फोन स्वतःच्या हातात घेतला होता. "लागतील ते पैसे मी देतो."

निघताना काकूंनी माझ्या पिशवीत भज्जीचा डबा घातला आणि आत्यानं फडक्यात बांधलेली मूठभर ज्वारी. पुण्यात माझ्याकडं गच्चीवर चार कुंड्या आहेत, एवढं तिला ठाऊक आहे. "राख चोळलेली हाय," ती म्हणाली. "धुऊ नको."